सरसाचे भांडे ते एक थेंब : लाकूड जोडण्याच्या घाईचा इतिहास

१/
१० डिसेंबर १९४४. व्हिएन्नाजवळील श्वेखाट विमानतळ. जर्मनीचे नवे जेट लढाऊ विमान हाइन्केल १६२ अधिकाऱ्यांसमोर प्रात्यक्षिकासाठी उडाले. वैमानिक होता गोटहोल्ड पेटर. जमिनीलगत वेगाने जात असताना उजव्या पंखाची पुढची कड सुटली, पंख उलगडत गेला आणि विमान कोसळले. पेटर जागीच ठार झाला. शत्रूची एकही गोळी त्या विमानाला लागलेली नव्हती. पंख लाकडी होता आणि त्याचे जोड सुटले होते.

लाकूड जोडणाऱ्या चिकटद्रव्याला किती घाई करू द्यावी, या प्रश्नाचा हा धागा. त्याची सुरुवात मात्र जेट विमानाच्या सुमारे ३,४०० वर्षे आधीची आहे.

२/
इजिप्तमधील थेब्झ येथे रेखमिरे या वजिराची कबर आहे. तो तिसरा थुतमोस या फॅरोचा वजीर, काळ इ.स.पू. १५वे शतक. कबरीच्या भिंतींवर निरनिराळे कारागीर कामात गुंतलेले रंगवले आहेत. त्यांतील सुतारांच्या दृश्यात विस्तवावर ठेवलेले एक भांडे दिसते आणि कुंचल्याने काहीतरी लावणारा माणूस दिसतो. अभ्यासक हे भांडे सरसाचे मानतात. म्हणजे जनावरांची कातडी, हाडे, स्नायूबंध पाण्यात शिजवून काढलेला चिकट अर्क. इजिप्तमध्ये चांगले लाकूड दुर्मीळ. म्हणून साध्या लाकडावर मौल्यवान लाकडाचा पातळ पापुद्रा किंवा हस्तिदंताच्या पट्ट्या चिकटवण्याची कला तिथे फार लवकर बहरली.

चित्रातला विस्तव शोभेसाठी नाही. सगळी गोष्ट त्या विस्तवातच आहे.

३/
सरस हे जगातले पहिले ‘झटपट’ चिकटद्रव्य म्हणता येईल. तो सुकून पक्का व्हायला बराच वेळ लागतो. पण थंड होताच गोठतो. साधारण ६० अंश सेल्सियसला तो मधासारखा वाहतो, आणि तापमान तिशीच्या घरात उतरले की खरवसासारखा थिजतो. लाकडावर पातळ थर दिला तर हे थिजणे मिनिटभरात, हिवाळ्यात त्याहूनही लवकर सुरू होते. चिकटद्रव्य लावल्यापासून तुकडे सरकवून नीट बसवण्यासाठी जो अवधी मिळतो, त्याला या धाग्यात ‘मुदत’ म्हणू. सरसाची मुदत तेवढीच, ऊब असेपर्यंतची.

४/
या एका गुणधर्माने युरोपातील सुतारशाळांची सगळी शिस्त घडवली. सरस थेट आचेवर ठेवायचा नाही, कारण उकळला तर त्याची ताकद जाते. म्हणून भांड्यात भांडे : बाहेरच्यात पाणी, आतल्यात सरस. काम सुरू करण्यापूर्वी दारे-खिडक्या लावून घ्यायच्या, वाऱ्याची झुळूकही नको. जोडायचे तुकडे आधी शेगडीपाशी शेकून घ्यायचे. आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे सरस लावण्यापूर्वी प्रत्येक जोड कोरडाच बसवून पाहायचा. सरस लागल्यानंतर विचार करायला सवड नसे.

बदल्यात सरस एक अनमोल सोय देई. दोन कडा रंध्याने अगदी सपाट करून, गरम सरस लावून, एकमेकींवर दोन-चार वेळा घासल्या की जादा सरस बाहेर पडतो, आतला थर थिजू लागतो आणि हाताला जाणवते की तुकडा ‘धरला’. क्लॅम्प नको, खिळा नको. टेबलाच्या फळीखालच्या कोपऱ्यातले ठोकळे, खणांच्या तळाशी बसणाऱ्या बारीक पट्ट्या, कपाटाच्या माथ्यावरची नक्षीदार पट्टी अशा कामांत, जिथे क्लॅम्प लावायला जागाच नसते, तिथे ही पद्धत शतकानुशतके चालली. आज कोणी बिडिंगची पट्टी दहा सेकंद बोटांनी दाबून धरते, तेव्हा ते हेच जुने काम नव्या द्रव्याने करत असते.

५/
भारतातही हे द्रव्य जुनेच. वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त वज्रलेपांवर स्वतंत्र अध्याय आहे आणि त्यातील एका लेपात जनावरांची शिंगे व कातडी येतात. १२व्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या नावे असलेल्या ‘मानसोल्लासा’त कृती अधिक स्पष्ट आहे : म्हशीचे ताजे कातडे पाण्यात लोण्यासारखे मऊ होईपर्यंत शिजवायचे, त्याच्या कांड्या करून वाळवायच्या, आणि लागेल तेव्हा गरम पाण्यात विरघळवून घ्यायच्या. तिथला संदर्भ चित्रकलेचा, भिंतीवरचा रंग धरून ठेवण्याचा आहे. पण पदार्थ तोच. कांडी करून साठवणे आणि वेळेला ऊब देऊन जागे करणे, ही युक्तीही तीच.

६/
सरसाचे दोष मात्र कुणालाच टाळता आले नाहीत. तो पाण्याला हरतो. दमट हवेत मऊ पडतो, त्यावर बुरशी येते, आणि भांड्याचा वास तर विचारूच नये. घरातल्या कपाटाला हे चालते. आकाशात चालत नाही.

पहिल्या महायुद्धाच्या काळात विमाने प्रामुख्याने लाकूड आणि कापडाची होती. तेव्हा दुधातील केसीन चुन्यासारख्या अल्कधर्मी द्रव्यात कालवून केलेले चिकटद्रव्य पुढे आले. ते पाण्याला सरसापेक्षा बरे टिके, थंडच लावता येई. पण सततच्या ओलीत त्यालाही बुरशी लागे. पाण्याला न जुमानणारे आणि कारखान्याच्या वेगाला साजेसे असे काहीतरी हवे होते. ते रसायनशास्त्राने दिले.

७/
केंब्रिजजवळच्या डक्सफर्ड येथे नॉर्मन द ब्रुइन या शास्त्रज्ञाने १९३०च्या दशकात ‘एरोलाइट’ विकसित केले. ते युरिया आणि फॉर्माल्डिहाइडपासून केलेले रेझिन. नुसते रेझिन खूप वेळ पातळ राहते. त्याला आम्ल मिळाले की त्यातले रेणू एकमेकांत गुंतून कायमचे ताठर होतात. ही गोष्ट वापरायची रीत फार चतुर होती : एका लाकडावर रेझिन लावायचे, समोरच्या लाकडावर आम्लयुक्त पातळ ‘हार्डनर’ फासायचा, आणि मग दोन्ही जुळवायचे. स्पर्श होईपर्यंत घड्याळ सुरूच होत नाही.

मुदत आता माणसाच्या हातात आली होती. सरसाने ती तापमानाच्या हाती ठेवली होती.

८/
ब्रिटनचे डी हॅविलँड मॉस्किटो हे विमान या रेझिनवर उभे राहिले. पहिले उड्डाण २५ नोव्हेंबर १९४०. बर्च लाकडाच्या प्लायवूडच्या दोन थरांमध्ये हलके बाल्सा लाकूड, अशा रचनेची त्याची काया दोन अर्ध्या भागांत साच्यावर घडे आणि मग शेंगेच्या दोन फाकांसारखी जोडली जाई. सुरुवातीला केसीन, पुढे युरिया-फॉर्माल्डिहाइड. धातू वाचला, आणि फर्निचर करणारे कारखाने व सुतार युद्धोत्पादनात ओढले गेले. एकूण ७,७८१ मॉस्किटो बांधली गेली.

९/
येथे भारत या कथेत येतो.

१९४४ मध्ये ब्रह्मदेशाच्या आघाडीसाठी भारतातून उडणाऱ्या मॉस्किटोंचे जोड हवेत निकामी होऊ लागले. अपघातांत वैमानिक मारले गेले आणि त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये या भागातील मॉस्किटो जमिनीवर थांबवण्यात आली. पहिला संशय कोणावर? अर्थातच इथल्या उन्हावर आणि पावसावर. हेरवर्ड डी हॅविलँड यांच्या नेतृत्वाखाली कंपनीचे पथक भारतात आले. त्यांचा निष्कर्ष असा की चिकटद्रव्य कुजलेले नाही, पावसाळी हवेत लाकडाचा सांगाडा आक्रसल्याने जोड सुटले.

पुढील चौकशांनी मात्र बोट दुसरीकडे दाखवले. ब्रिटनच्या विमाननिर्मिती मंत्रालयाच्या पथकाला इंग्लंडमधील हॅटफिल्ड आणि लीव्ह्ज्डन या कारखान्यांत बांधलेल्या विमानांत तशाच प्रकारचे दोष सापडले. त्या विमानांनी मान्सून पाहिलाच नव्हता. जोडकामाचाच दर्जा कमी पडला होता.

१०/
वसाहतीतल्या हवामानावर ठपका ठेवणे किती सोपे होते, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे टिपून ठेवावे. पण तांत्रिक धडाही तितकाच मोलाचा आहे. कृत्रिम रेझिन पातळ थरात अत्यंत बळकट असते; जाड थरात ते आक्रसते, तडकते. दोन लाकडांमध्ये फट राहिली तर ती रेझिनने भरून निघत नाही, नुसती झाकली जाते. बाहेरून जोड बंद दिसतो. आत तो पोकळ असतो, आणि ते विमान कोसळल्यावरच कळते.

उपाय काय झाला, तर पंखाच्या मुख्य तुळईवरच्या जोडाच्या लांबीभर प्लायवूडची एक पट्टी बसवून तो सांधा बंद करण्यात आला. ज्या घराच्या भिंतीला आणि जमिनीला जुळवणारी फट सुतार पट्टीने झाकतो, त्याचीच ही आकाशातली आवृत्ती. फरक इतकाच की इथे पट्टी शोभेची नव्हती.

११/
आता पुन्हा श्वेखाट. हाइन्केल १६२ची मागणी सप्टेंबर १९४४ मध्ये निघाली आणि ६ डिसेंबरला विमान हवेत होते. तीन महिने! पहिल्याच उड्डाणात पुढच्या चाकाचे झाकण सुटून पडले. कारण सदोष चिकटकाम. तरीही उड्डाणे थांबली नाहीत, आणि चार दिवसांनी पेटर गेला.

जर्मनीकडे चांगले चिकटद्रव्य नव्हते असे नाही. ‘टेगो-फिल्म’ नावाची फिनॉलिक रेझिनची पातळ फिल्म उष्ण दाबाखाली प्लायवूड उत्तम जोडत असे. पण वुपरटाल येथील तिचा कारखाना बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झाला. घाईत आणलेल्या पर्यायी द्रव्यात आम्ल जास्त होते. आम्ल रेझिनला ताठर करते, हे वर आलेच. पण जोड पूर्ण झाल्यावर ते कुठे जात नाही. शिल्लक राहिलेले आम्ल लाकडाचे तंतूच खात बसते. जोड टिकतो आणि जोडाशेजारचे लाकूड कुजते, असा हा विचित्र दगा.

१२/
त्याच युद्धात, त्याच सुमारास, अमेरिकेत एक द्रव्य तयार झाले आणि ते बाजूला टाकले गेले.

१९४२ मध्ये ईस्टमन कोडॅक कंपनीत हॅरी कूव्हर हे रसायनतज्ज्ञ बंदुकीच्या नेमदर्शकासाठी पारदर्शक प्लॅस्टिक शोधत होते. सायनोअॅक्रिलेट हा वर्ग त्यांनी तपासला आणि नाकारला. ते ज्याला लागे त्याला चिकटे. साचा, नळी, हात, काहीच सुटेना. त्या वेळी हा दोष होता.

१९५१ मध्ये टेनेसीतील किंग्जपोर्ट येथे कूव्हर यांचा गट जेट विमानाच्या काचेसाठी उष्णतेत टिकणारे प्लॅस्टिक शोधत होता. फ्रेड जॉयनर यांनी सायनोअॅक्रिलेटचा थर अपवर्तनमापकाच्या दोन लोलकांमध्ये ठेवला आणि वाचन घेतले. लोलक सुटेनात. महागडे उपकरण गेले, असे वाटून जॉयनर हवालदिल झाले. कूव्हर यांना मात्र या वेळी कळले की हे बिघडलेले प्लॅस्टिक नसून न मागता मिळालेले चिकटद्रव्य आहे. १९५८ मध्ये ते ‘ईस्टमन ९१०’ या नावाने बाजारात आले. पुढच्या वर्षी एका दूरचित्रवाणी कार्यक्रमात एका थेंबाच्या जोडावर खुद्द सूत्रसंचालकाला उचलून दाखवण्यात आले.

१३/
हे द्रव्य इतके चपळ का? सायनोअॅक्रिलेटच्या रेणूंना साखळी बनण्यासाठी फक्त निमित्त लागते, आणि ते निमित्त पाण्याचा अंश देतो. जवळपास प्रत्येक पृष्ठभागावर हवेतील ओलाव्याचा अदृश्य थर असतोच. थेंब दोन पृष्ठभागांत पातळ दाबला गेला की सेकंदांत साखळ्या तयार होतात. बोटे सर्वांत आधी चिकटतात त्याचे कारण हेच. त्वचेवर ओल मुबलक. (हाच ‘दोष’ ओळखून व्हिएतनाम युद्धात जखमांचा रक्तस्राव थांबवण्यासाठी त्याची फवारणी झाली. शस्त्रक्रियेतील टाक्यांऐवजी वापरण्यास योग्य असा त्याचा सुधारित प्रकार अमेरिकेत १९९८ मध्ये अधिकृतपणे मान्य झाला.)

बाटलीत ते पातळ राहावे म्हणून त्यात किंचित आम्ल मिसळलेले असते. येथे गंमत पाहावी. एरोलाइट आम्लाने ताठरते. सायनोअॅक्रिलेट आम्लाने रोखले जाते.

१४/
आणि म्हणूनच लाकडापुढे हे चपळ द्रव्य प्रथम अडखळले. काच, धातू, रबर यांवर सेकंदांत धरणारा थेंब लाकडावर रेंगाळे. लाकूड स्वभावतः किंचित आम्लधर्मी, शिवाय सच्छिद्र. पट्टी ४५ अंशांत कापली की तिच्या तंतूंची उघडी तोंडे समोर येतात, आणि त्या असंख्य बारीक नळ्या पातळ द्रव शोषून घेतात. जोडाच्या रेषेवर उरते काय, तर कोरडे लाकूड.

१५/
यावर दोन उपाय आले. एक, द्रव्य घट्ट करणे, म्हणजे ते वाहणार नाही आणि नळ्यांत मुरणार नाही. दुसरा, अॅक्टिव्हेटर : उडून जाणाऱ्या द्रावकात विरघळवलेले अल्कधर्मी रसायन. एका पट्टीच्या तोंडावर त्याची फवारणी, दुसरीच्या तोंडावर घट्ट द्रव्याची बारीक रेघ, मग दोन्ही जुळवून दाबायचे. दहा-पंधरा सेकंदांत कोपरा तयार.

द ब्रुइनच्या एरोलाइटची रीत आठवावी : एका अंगाला रेझिन, दुसऱ्या अंगाला हार्डनर. आम्लाची जागा अल्काने घेतली, तास सेकंदांवर आले. कृतीचा सांगाडा तोच राहिला.

१६/
भारतात या मधल्या काळात उलट दिशेचा बदल घडत होता. १९५९ मध्ये मुंबईत बळवंत पारेख यांनी फेव्हिकॉल आणले. मुंबईत उमेदवारीच्या काळात त्यांनी लाकडाच्या एका व्यापाऱ्याकडे शिपाई म्हणून काम केले होते, त्यामुळे सुतारांचे जग त्यांनी जवळून पाहिलेले होते. पॉलिव्हिनाइल अॅसिटेटचे हे पांढरे द्रव्य थंडच लावता येते. विस्तव, भांडे, वास सगळे सुटले. पण ते धरते ते त्यातले पाणी लाकडात मुरल्यावर. म्हणजे काही तास वजनाखाली किंवा क्लॅम्पमध्ये.

सरसाच्या मिनिटभराच्या मुदतीतून सुतार मोकळा झाला, हे खरे. पण घासून ‘धरल्याचे’ ते हाताला कळणेही गेले. बारीक पट्टी जागेवर राहावी म्हणून बिनडोक्याचे खिळे आणि चिकटपट्टी आली. जिथे तेही जमत नाही, तिथे झटपट थेंबाची गरज पुन्हा उभी राहिली.

१७/
आजच्या कसबी कारागिराची रीत या साऱ्या इतिहासाचे मिश्रण आहे. पट्टीच्या तोंडावर पांढऱ्या द्रव्याचा थर, आणि मध्ये दोन-तीन ठिकाणी सायनोअॅक्रिलेटचे थेंब. थेंब दहा सेकंदांत क्लॅम्पचे काम करतात. पांढरे द्रव्य रात्रभरात खरा जोड घडवते. नुसत्या थेंबावर विसंबणे धोक्याचे, कारण ताठरल्यावर तो थर काचेसारखा ठिसूळ असतो. ओढ सोसतो, ठोसा सोसत नाही. उन्हाळा-पावसाळ्यात लाकूड फुगते-आक्रसते तेव्हा लवचीकपणाही दाखवत नाही. अॅक्टिव्हेटर जास्त झाला तर द्रव्य फेसाळून पांढरे पडते आणि आणखी ठिसूळ होते. गडद पॉलिशवर त्याच्या वाफांची पांढुरकी छटा बसते, ती वेगळीच.

आणि फट? मॉस्किटोची फट आणि बिडिंगच्या कोपऱ्यातली फट यांत तत्त्वाचा फरक नाही. पातळ सायनोअॅक्रिलेट कागदाच्या जाडीएवढी फटही नीट भरत नाही. लाकडाचा भुसा दाबून वर थेंब सोडला की कोपरा दिसायला भरतो. आतला जोड तसाच कच्चा.

१८/
म्हणून पट्टी कापल्यावर ती आधी कोरडीच बसवून पाहणे, कोन गुण्याने तपासणे, हातात येईल तो तुकडा कोणत्या अंगाने जाणार हे पेन्सिलीने खुणावून ठेवणे, ही सरसाच्या काळातली कामे दहा सेकंदांच्या द्रव्यासोबत परत आली आहेत. किंबहुना अधिक कठोरपणे. सरसाचा जोड चुकला तर ओल्या फडक्याने ऊब देऊन, पातळ सुरी घालून तो उकलता येतो. संग्रहालयांतील जुन्या लाकडी वस्तूंच्या दुरुस्तीत आजही सरस वापरला जातो, तो याच कारणाने : शंभर वर्षांनी दुसऱ्या कुणाला तो जोड पुन्हा उघडता यावा. सायनोअॅक्रिलेट सोडवायला अॅसिटोन लागते आणि ते पॉलिशही सोबत नेते. मिलिमीटरभर सरकलेली पट्टी तिथेच राहते, किंवा करवतीने कापून काढावी लागते.